मागील बाकी

आमच्या घरात आजाच्या मरणाची तारीख नव्हती. जन्माची तारीख तर त्या काळात काठीत कुणाचीच नव्हती, त्याचं काही वाटत नाही. पण मेलेल्या माणसाचा दिवस घरात माहीत असतो. बा गेला तो दिवस मला माहीत आहे, आजी गेली तो आहे. आमचा ढवळा बैल पडला तो दिवससुद्धा मी वहीत लिहून ठेवलाय. आजाचं मात्र एवढंच सांगत की, त्या वर्षीच्या होळीत तो बुध्या होऊन नाचला, कमरेला भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप, आणि पुढच्या पावसाळ्यात गेला. आमच्याकडं वर्षं अशीच मोजतात. काठीची राजवाडी होळी हे आमचं कॅलेंडर. कोण कुठल्या होळीत नाचला, कुणाचं लग्न कुठल्या होळीनंतर लागलं, असा सगळा हिशोब.

आजा कसा गेला हे विचारलं की, आजी तीन शब्द सांगायची. सायेब, आगबोट आणि रेवास. गावानं त्यातला एकच शब्द उचलला. परकम्मावासी नर्मदेला रेवा म्हणतात, ते आमच्या लोकांच्या कानावर होतं. म्हणून गाव म्हणायचं, रेवामायनं नेला. आजी चिडायची. "रेवा नाही, रेवास. रेवासला गेला तो." पण सातपुड्यातल्या बाईनं सांगितलेला दूरदेशीचा शब्द कोण ऐकणार? आणि नर्मदेत आमच्या बाजूला त्या काळी आगबोट कुठली? लाकडी डोंगा सोडून लोकांनी दुसरं काही बघितलेलं नव्हतं.

दुसरी बोलणी याहून वाईट होती. आजा पट्टीचा पोहणारा. पुरातली नर्मदा पोहून पलीकडं गेलेला, असं सांगत. मग असला माणूस बुडेल कसा? तो बुडाला नाही, मुंबईला गेला, तिकडं दुसरी बाई केली आणि राहिला, असं काही लोक म्हणत. बाच्या तोंडावर म्हणत. बा तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता, फुई दोनेक वर्षांची.

आमच्या समाजात विधवेला दुसरं लग्न करायला कुणी अडवत नाही. आजी तरुण होती, तिचे भाऊ दुसरीकडं द्यायला तयार होते. पण नवरा जिवंत असताना बाई दुसऱ्याच्या घरी गेली तर नव्या नवऱ्याला आधीच्या नवऱ्याकडं झगडा भरावा लागतो, म्हणजे पैसे मोजावे लागतात. हिचा नवरा मेला की जिवंत हेच कुणाला ठरवता येईना. उद्या तो आला आणि झगडा मागितला तर? दोन ठिकाणची बोलणी यावरूनच मोडली. तिसऱ्या वेळी आजीनंच नको म्हटलं. पुढची अडतीस वर्षं ती सवाष्ण नाही आणि रांडमुंड नाही अशी राहिली. बांगड्या फोडल्या नाहीत, पण नव्या भरल्यासुद्धा नाहीत.

हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आलो, पण शोधायला निघालो नव्हतो. शोध लागला तो नातवामुळं. त्याला कॉलेजात घ्यायचं होतं आणि जमातीच्या दाखल्याची पडताळणी करायची होती. तिथं १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आता १९५० च्या आधी आमच्या घरात शाळेत कोण गेलंय? मग राहतो तो गाव नमुना चौदा. त्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, ते कोतवालानं सांगायचं आणि त्यात लिहून घ्यायचं. जातीच्या रकान्यात 'भिल' असं लिहिलेलं एक पान सापडलं तर पोराचं आयुष्य मार्गी लागतं, एवढी त्या जुन्या पानाला किंमत.

पण काठी हे साधं गाव नव्हतं. मेवासी जहागिरीचं ठिकाण. जहागीर गेली, तिचे कागद कुठं कुठं गेले. आमचा मुलूख आधी पश्चिम खानदेशात होता, मग धुळे जिल्ह्यात, आणि १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा झाला. माणसं जागच्या जागी राहिली, कागद मात्र गाड्यांत भरून इकडून तिकडं फिरले. एका कचेरीतल्या रेकॉर्ड रूममध्ये मी चार हेलपाटे घातले. वाळवीनं खाल्लेले गठ्ठे. पान उचललं की हातात भुगा यायचा. तिथला माणूस पहिल्या दिवशी मला म्हणाला, "बाबा, नाव काय, आडनाव काय, सांगा." आजाचं नाव वारावरून ठेवलेलं. त्या वारी जन्मलेले आमच्या एकट्या पाड्यात चार जण, गावात किती असतील कोण जाणे. आडनाव लावायची पद्धत शाळेनं आणली, आणि आजा शाळेत गेला नव्हता. असलं नाव कागदात शोधणं म्हणजे महुव्याखाली पडलेल्या फुलांतलं आपलं फूल शोधणं.

पडताळणीचं काम शेवटी चुलत घराण्यातल्या एका नोंदीवर झालं, नातू कॉलेजात गेला. पण माझ्या डोक्यात आजा बसला तो बसलाच. कोतवाल बुकात त्याचा मृत्यू असायला हवा होता आणि नव्हता, कारण तो गावात मेलाच नाही. गावाबाहेर मेलेल्या माणसाची नोंद जिथं मेला तिथं होणार. मग आजा मेला कुठं?

मोलगीकडच्या एका आश्रमशाळेत रायगड जिल्ह्यातले एक गुरुजी होते. निवृत्त होऊन गावी जाण्याआधी ते माझ्या शेतावर जेवायला आले होते. मक्याची भाकर, उडदाची डाळ. बोलता बोलता आजाची गोष्ट निघाली. सायेब, आगबोट, रेवास. गुरुजींचा घास हातातच राहिला. म्हणाले, "रेवास म्हणजे रेवस तर नव्हे? आमच्या अलिबाग तालुक्यातलं बंदर आहे ते. कुठली अमावास्या होती का?"

मी फुईला हाक मारली. फुई म्हणाली, आई अवसेचंच सांगायची, आषाढातली अवस.

"मग ती रामदास बोट," गुरुजी म्हणाले.

मी दहावीपर्यंत शिकलो. इतिहासाच्या पुस्तकात १९४७ साली काय झालं ते मला पाठ आहे. रामदास बोटीचं एक वाक्य त्यात नव्हतं. १७ जुलै १९४७, गुरुवार. गटारीची अमावास्या, त्यामुळं मुंबईत कामाला असलेली कोकणातली माणसं घरी निघालेली. सकाळी आठच्या सुमाराला भाऊच्या धक्क्यावरून रामदास रेवसकडं सुटली. १९३६ साली इंग्लंडात बांधलेली आगबोट, वरती सातशेच्या आसपास माणसं. पावसाळी वारा, खवळलेला समुद्र. काश्याच्या खडकाजवळ लाटांनी बोट कलली, भेदरलेली माणसं एका अंगाला धावली आणि ती उलटली. सुटल्यापासून तासभरसुद्धा झाला नव्हता. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबई एवढी जवळ, पण मुंबईला दुपारपर्यंत पत्ता नव्हता. काही माणसं पोहत, लाटांबरोबर वाहत किनाऱ्याला लागली तेव्हा शहराला कळलं. बारकूशेठ मुकादम तेव्हा लहान पोर होते, ते असेच वाचले आणि म्हातारपणापर्यंत ही हकीकत सांगत राहिले. रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईला निघाले होते. त्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात फेकली आणि हाताला लागतील ती माणसं वर ओढली. तरी सहाशेच्या वर माणसं गेली. महिन्याभरात स्वातंत्र्य आलं, आणि पेपरांना लिहायला दुसरं पुष्कळ होतं.

तारीख मिळाली होती. पण बोट बुडाली आणि आजा त्याच दिवसांत गेला, एवढ्यावरून आजा बोटीत होता असं होत नाही. लोकांची बोलणी सत्तर वर्षं टिकलेली. त्यांना तोंडी उत्तर चालणार नव्हतं.

नातवाला घेऊन मुंबईला गेलो. वाचनालयात जुने पेपर काढून बघितले. माझे डोळे पानं उलटून दुखले, नातवाचे मोबाईलवर. आजाचं नाव कुठं नाही. नातवानं दुसरंच काही शोधून काढलं. मस्जिद बंदरला खलाशांचं घर आहे, तिथं पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त हिंदी खलाशांचं स्मारक आहे, नावानिशी. दुसऱ्या महायुद्धातल्या खलाशांचीही नावं लिहून ठेवलेली आहेत. १९४२ च्या २३ नोव्हेंबरला मुंबईहून आफ्रिकेकडं निघालेली तिलावा नावाची बोट जपानी पाणबुडीनं बुडवली, २८० माणसं गेली. त्यांच्या घरचे लोक २०२२ साली, ऐंशी वर्षांनी, मुंबईत एकत्र जमले होते. म्हणजे समुद्रात गेलेल्या माणसाची नोंद राहू शकते. पण लढाईवर गेला तर, नाहीतर परदेशी निघाला तर. रेवसला जाणाऱ्या माणसानं धक्क्यावर तिकीट घ्यायचं आणि चढायचं. तिकिटावर नाव कोण लिहितो? आपल्या एस्टीच्या तिकिटावर लिहितात का?

आमच्या भागात आता नर्मदेच्या धरणाचं पाणी पसरलंय, डोंगरातले पाडे बोटीनं जोडलेत. २०१९ च्या संक्रांतीला भूषाजवळ बोट उलटली, माणसं गेली, त्यातही पोरं. त्या बोटीत कोण कोण बसलं होतं, तेही किनाऱ्यावरच्या माणसांनाच एकमेकांना विचारून ठरवावं लागलं असणार. हे मुंबईच्या वाचनालयात बसून माझ्या डोक्यात आलं आणि मग तिथं बसवेना.

गुरुजी तिकडून खटपट करत होते. त्यांनी मला एक गोष्ट आधीच सांगितली होती. "आमच्याकडं रामदासमध्ये कोण गेलं ते गावोगाव पाठ आहे. कागदात नसेल, पण घरात असेल." खानदेशात जंगल खात्यात नोकरीला होता आणि रामदासमध्ये गेला, असा माणूस कुठल्या घरचा, एवढं त्यांनी विचारत नेलं. तिसऱ्या गावात घर सापडलं.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला आजही लाँच जाते. आम्ही तीच धरली. दिवाळीनंतरचे दिवस, समुद्र शांत. तरी धक्का सुटून लाँच उघड्यावर आली तशी ती हलायला लागली आणि मी बाक धरला. नदी पोहणारा माणूस कडेवर नजर ठेवून पोहतो. पूर कितीही असो, कड दिसते, प्रवाह कुठं आपटणार ते कळतं. इथं चारी बाजूला सारखंच पाणी. वर पावसाळा असला असता, आभाळ आणि पाणी एक झालं असतं, तर कड कुठली बघणार? आजा पोहणारा होता म्हणजे बुडणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी समुद्र बघितला नव्हता. आजानंही त्या दिवसाआधी बघितला नव्हता.

सायबाच्या पुतण्यानं आम्हाला ओटीवर बसवलं. ऐंशीच्या घरातला माणूस. खोबऱ्याची वडी, चहा. माझं नाव-गाव ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काठी म्हणजे खानदेशातली?" मी हो म्हटलं. तो काही न बोलता आत गेला आणि लाल कापडी पुठ्ठ्याची वही घेऊन आला.

ती त्याच्या आजोबाची, म्हणजे सायबाच्या बापाची जमाखर्चाची वही. बालबोध अक्षर, त्यामुळं मला वाचता आलं. आषाढाच्या पानावर भाताच्या लावणीचा खर्च. त्या खाली मुलाच्या पत्रावरून उतरवून घेतलेलं होतं की, येताना खानदेशचा गडी लावणीला आणतोय, तिकडचा पगार रुपये नऊ त्याला इथं परतीच्या वेळी द्यावा. पुढं आजाचं नाव, त्यापुढं 'भिल्ल, काठी'. आणि त्याच ओळीवर दुसऱ्या शाईनं, थरथरत्या हातानं, 'दोघेही रामदासमध्ये'.

लावणी! आजा लावणीला चालला होता. देवगोईचा घाट उतरून अक्कलकुवा, पावसाळ्यातली तापी ओलांडून नंदुरबार, तिथून सुरतची गाडी, सुरतेहून मुंबई, एवढ्या लांब तो चिखलात भाताची रोपं लावायला निघाला होता. ते काम त्याला येत होतं. आमच्या डोंगरातल्या दगडी वावरात भात पिकवणाऱ्याला कोकणातलं खाचर म्हणजे लोणी वाटलं असतं.

पुतण्यानं पुढची पानं उलटली. पुढच्या वर्षी देण्याच्या बाजूला, 'खानदेशचा गडी, मागील बाकी रु. ९'. त्याच वर्षी एक मनिऑर्डर केल्याची नोंद, गड्याच्या बायकोच्या नावे, काठी. महिन्यानं 'परत'. बायकोचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, 'अमक्याची बायको' असं लिहिलं असणार. अमक्या नावाचे गावात किती, ते मी वर सांगितलंच आहे. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा मागील बाकी नऊ. पुन्हा. पोटचा मुलगा गेलेला तो म्हातारा दर दिवाळीला नवी वही घालायचा आणि माझ्या आजाचे नऊ रुपये पुढं ओढायचा. अकरा वह्या. म्हातारा गेला आणि वह्या बंद झाल्या.

जिथं आजाचं नाव असायला हवं होतं त्या कुठल्याही सरकारी कागदात ते नव्हतं. होतं ते एका परक्याच्या देणेकऱ्यांच्या यादीत, किराणा, सुतार आणि बैलाचा व्यापारी यांच्या मधोमध. मी ते बोटानं चाचपलं. नातू फोटो काढत होता, त्याला मी थांब म्हटलं, आधी बघू दे.

पुतण्या म्हणाला, "तुमचं देणं आहे. आता त्याचे किती होतील, मला हिशोब येत नाही. तुम्ही सांगाल ते देतो." व्याज लावलं असतं तर कदाचित एखादं वासरू आलं असतं, असं माझ्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू. पण मी म्हटलं, वहीत नऊ आहेत, तेवढेच द्या. त्यानं घरातून सुटे गोळा केले, नातसुनेच्या डब्यातून दोन, देवघरातून एक. शेवटच्या वहीतल्या शेवटच्या 'मागील बाकी'खाली त्यानं त्या दिवसाची तारीख घातली, 'चुकते' लिहिलं आणि वही माझ्याकडं सरकवली. मी आजाच्या नावापुढं सही केली.

त्या पानांची झेरॉक्स घेऊन मी परत आलो आणि आजाच्या मृत्यूची नोंद होईल का ते विचारलं. वर्षापेक्षा जुनं मरण असेल तर अधिकाऱ्याचा हुकूम लागतो, आणि खासगी वहीवर हुकूम मिळणं अवघड, असं वकील म्हणाले. सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं कायदा धरून चालतो, असंही त्यांनीच सांगितलं. हे १९५४ साली आजीला कुणी सांगितलं असतं तर तिचं आयुष्य वेगळं झालं असतं. सांगणार कोण? कायदा तेव्हाही होता, पण देवगोईचा घाट चढून कुणी वर आलं नाही.

गावात मात्र ती झेरॉक्स चालली. मी ती होळीआधी चार जाणत्या लोकांसमोर वाचून दाखवली. मुंबईतल्या बाईची गोष्ट सांगणाऱ्यांपैकी आता फार जण उरले नाहीत, पण त्यांची पोरं होती. त्यातला एक म्हणाला, "म्हणजे डोसी खरं सांगत होती. रेवास." कुणी काही बोललं नाही. मग दगड कुठं बसवायचा यावर बोलणं निघालं आणि तासभर चाललं, कारण आमच्या वावरात पूर्वजांच्या दगडांशेजारी जागा आहे तिथून आता रस्त्याची आखणी गेलीय.

फुई त्या दिवशी आली नव्हती, गुडघे धरलेत तिचे. संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो, सगळं पहिल्यापासून सांगितलं. लावणीचं ऐकून तिनं विचारलं, कसलं भात लावतात तिकडं, लाल की पांढरं? मला सांगता आलं नाही. मग मी कागदाची पुडी सोडून नाणी तिच्या पदरात ओतली. तिनं ती एकेक करून बाजूला ठेवत मोजली.

"नऊच?" ती म्हणाली. "आई तर दहा म्हणायची."

आणि पुन्हा मोजायला लागली.